धरलेला बहर

विहिरीत पाणी होतं आणि झाडं सुकत होती.

डिसेंबर सरत आला होता. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात मामांची संत्र्याची बाग आहे, तिथे मी बऱ्याच वर्षांनी गेले होते. आठवणीतली बाग दाट, भर दुपारीही आत काळोखी वाटावी अशी. समोर मात्र वेगळंच दिसत होतं. पानं कडांनी वळलेली, त्यांचं तेज उतरलेलं, आळ्यातली माती भेगाळलेली आणि पायाखाली वाळक्या पानांचा चुरा. आधी वाटलं, मोटार जळाली असेल. मग वाटलं, मामांचं वय झालं, आता होत नसेल. म्हणून विहिरीत डोकावले, तर पाणी चांगलं वर आलेलं. त्यात आभाळ दिसत होतं.

"मामा, विहीर भरलेली आणि झाडं अशी का?"

"ताणावर हायेत."

"म्हणजे?"

"म्हंजे पानी तोडलं. आंबियाचा बहार धराचा हाय ना."

मामा पुढे चालू लागले. मी तिथेच राहिले, कारण माझ्या डोक्यात 'धराचा' अडकला होता.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. वीसेक वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासल्यावर कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो हे बोटांना आपोआप कळायला लागतं. बहर येतो. बहर ओसरतो. झाड बहरतं, मैफल बहरते, तारुण्य ऐन बहरात असतं. 'बहर धरला' असं कुणी लिहून पाठवलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. आणि इथे सगळा गाव हेच क्रियापद वापरत होता. कुणी आंबिया धरला, कुणी मृग धरला, कुणी यंदा काहीच धरलं नाही, बाग सोडून दिली. चहा पिता पिता मला कळत गेलं की आमच्या पुस्तकांत पाहुण्यासारखा येणारा बहर इथे बैलासारखा धरावा लागतो आणि वेळ झाली की सोडावाही लागतो.

संत्रं, मोसंबी, लिंबू, डाळिंब, पेरू ही झाडं आपल्या हवेत वर्षातून एकदाच फुलायचं असं व्रत घेत नाहीत. मोकळी सोडली तर थोडी आत्ता, थोडी नंतर अशी वर्षभर फुलत राहतात. मग फळंही तशीच तुरळक येतात, वेगवेगळ्या वयाची आणि कुणाच्याच कामाची नसलेली. म्हणून बागाईतदार त्यातला एक बहार निवडतो. जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, कारण मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं आणि पहिल्या पावसावर झाड फुटतं. सप्टेंबर-ऑक्टोबरातला तो हस्त बहार. लिंबूवाल्यांचा जीव ह्याच्यात जास्त, कारण त्याची फळं ऐन उन्हाळ्यात हाती येतात. आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, विदर्भात आंबिया. ह्या नावाची मला फार मौज वाटली. दोन बहारांना आभाळातल्या नक्षत्रांची नावं आणि तिसऱ्याला शेजारच्या झाडाचं! आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत फुलतो म्हणून संत्र्याचा बहारही आंब्याच्या नावानं ओळखला जातो.

निवडलेला बहार हाताशी यावा म्हणून ताण द्यायचा. पाणी बंद करायचं. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी जमिनीत दीड-दोन महिने. झाडाची वाढ थांबते आणि पानांत तयार झालेलं अन्न नव्या फुटीवर खर्च न होता फांद्यांत साठत जातं. थंडी असली तर ती मदतच करते. पानं मलूल झाली, काही गळली, की ताण बसला म्हणायचं. हा 'बसला' शब्दही तिथलाच. विदर्भातल्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत कधी कधी ताण बसतच नाही. वरून पाणी तोडलं तरी मुळं खालून पीत राहतात आणि मग वाढ रोखणारी सायकोसीलसारखी फवारणी करावी लागते. मधेच अवकाळी पाऊस आला तर ताण तुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, अगदी शब्दशः. डाळिंबवाले आणखी पुढे जातात. ते इथ्रेल फवारून झाडाची पानंच गाळून टाकतात. पानगळ झालेली डाळिंबाची बाग प्रथमच पाहणाऱ्याला वाटेल, इथून वणवा गेला.

ताण तोडतानाही घाई चालत नाही. पहिलं पाणी हलकं, मग बेतानं वाढवत न्यायचं. "भसाभसा पानी देल्लं तं निस्ती नवती फुटते," मामा म्हणाले. नवती म्हणजे कोवळ्या पानांची फूट. लांबून पाहणाऱ्याला ती सुंदरच दिसते, झाड पोपटी होऊन जातं. बागवाल्याच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण नवती आली म्हणजे साठवलेलं सगळं पानांवर उधळलं गेलं, फुलांना काही उरलं नाही.

परत आल्यावर मी कोश काढून बसले. खोड आहे ती.

बहर आणि बहार दोन्ही एकच, फारसीतून आलेला 'बहार' म्हणजे वसंत ऋतू. मराठीत तो रुळला आणि त्याची वाटणी झाली. आखूड उच्चाराचा बहर पुल्लिंगी राहिला आणि झाडांकडे, तारुण्याकडे गेला. लांब उच्चाराची बहार स्त्रीलिंगी होऊन मौजमजेत रमली. 'काय बहार आली!' म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे झाड नसतं. बागांमध्ये मात्र जुना लांब आकार तसाच राहिला आणि लिंग पुल्लिंगी. आंबिया बहार फुटला, मृग बहार हुकला. ऋतूच्या नावाचा अर्थ जर कुठे शाबूत असेल तर तो इथेच, कारण बागवाल्याचा बहार म्हणजे फुलं कमी आणि हंगाम जास्त. गंमत म्हणजे गझलेची जी बहर असते ती निराळीच. ती अरबी, मूळ अर्थ समुद्र. सुरुवातीच्या काळात एका लेखातलं 'इथे बहर चुकली' हे वाक्य मी मोठ्या आत्मविश्वासानं 'इथे बहर चुकला' करून ठेवलं होतं. लेखक सज्जन होते.

पण खरी चकित करणारी गोष्ट आणखी मागे आहे. संस्कृतात जिथे 'स' तिथे इराणी भाषांत पुष्कळदा 'ह' असतो. सिंधूचा हिंदू झाला तो त्याच वाटेनं, आणि 'सप्त'चं तिकडचं रूप 'हफ्त', ज्यातून आपला हप्ता आला. शब्दारंभीचा जुना 'व' पुढे फारसीत 'ब' होतो. आपला वात म्हणजे वारा, तो तिकडे बाद. आता 'वसंत' घ्या आणि ह्याच दोन पायऱ्या उतरा. व चा ब, स चा ह. बहार आणि वसंत एकाच मुळातून फुटलेले. प्राचीन इराणच्या दारियस राजाच्या, बेहिस्तून इथल्या शिलालेखात, म्हणजे इसवीसनापूर्वीच्या सहाव्या शतकात, 'थूरवाहर' नावाचा महिना येतो. त्यातला 'वाहर' म्हणजे हाच बहार, अजून 'व' सांभाळून असलेला. लॅटिनमधला वसंत 'वेर', तोही ह्याच गोतावळ्यातला. म्हणजे 'वसंताला बहर आला' असं आपण लिहितो तेव्हा हजारो वर्षांपूर्वी वेगळे निघालेले दोन भाऊ एका वाक्यात शेजारी बसवतो आणि त्यांची ओळख करून द्यायला विसरतो.

आता, फुलण्यासाठी मराठीत एवढा एकच शब्द असता तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नव्हता. आहेत ढीगभर, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. फुलणे हा त्यातला सगळ्यात मोकळाढाकळा, त्याला फूल असण्याचीही गरज नाही. निखारा फुलतो, लाह्या फुलतात, मोर पिसारा फुलवतो, चढ चढून ऊर फुलतो, रागानं नाकपुड्या फुलतात. आतून काहीतरी येतं आणि आकार वाढतो, एवढंच त्याला पुरतं. उमलणे हा त्याच्या अगदी उलट, हळवा. 'उन्मीलन'शी त्याचं नातं, म्हणजे मिटलेले डोळे उघडणं. त्यामुळे तो एकेकट्याचा शब्द आहे. कळी उमलते, झाड उमलत नाही. आणि उमलणं एकदाच होतं, डोळे उघडले की उघडले.

बहर ह्या दोघांपेक्षा वेगळा. एका फुलाला बहर येत नाही. जास्वंदीवर एकच फूल असेल तर ते कितीही टपोरं असो, 'जास्वंदीला बहर आलाय' असं आपण म्हणणार नाही. बहर म्हणजे कोणतं फूल आधी पाहावं हे कळेनासं होणं. त्याचं जाणंही पाहा. बहर संपतो असं सहसा कुणी म्हणत नाही, तो ओसरतो. पूर ओसरतो, ताप ओसरतो, गर्दी ओसरते, तसा. बहर कुठेतरी पाण्यासारखा असावा अशी भाषेची समजूत दिसते, चढणारा आणि उतरणारा. आणि उतरतो म्हणजे पुन्हा चढेल हेही त्यात आलंच.

शेतात तर बहरसुद्धा सरसकट चालत नाही, प्रत्येक पिकाचं आपलं बोलणं असतं. आंब्याला आणि काजूला मोहोर. ज्वारी पोटरीत येते आणि मग निसवते. गहू ओंबीवर येतो. कपाशीला पात्या लागतात. तूर फुलोऱ्यात असते. केळीला बहर येत नाही, केळ निसवते. आणि उसाला येतो तुरा. 'शिरपेचात मानाचा तुरा' हे इतक्या वेळा मी तपासलेल्या मजकुरात आलंय की आता डोळे त्यावरून आपोआप सरकतात. ऊसवाल्याला मात्र शेतात तुरा दिसला की हुरहूर लागते. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली, तोड वेळेवर झाली नाही तर ऊस आतून पोकळ पडत जाणार, साखर उतरणार. तिथे फुलणं ही वाईट बातमी असते. एखाद्या निवृत्त गृहस्थांच्या गौरवलेखात तुरा आला की हल्ली मला उगीचच हसू येतं.

चुकीची कबुली एकच देऊन चालणार नाही, दुसरी मोठी आहे.

'मोगरा फुलला' ह्या ज्ञानेश्वरांच्या विराणीतली ओळ आपल्या सगळ्यांच्या कानात 'फुले वेचिता बहरु कळियांसी आला' अशी आहे. लता मंगेशकरांच्या आवाजात ती घराघरात गेली, माझ्याही घरात. अभंगांच्या एका संकलनाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तिथे छापलं होतं, 'फुलें वेंचितां अतिभारु कळियांसी आला'. मी हसले. जुळणी करणाऱ्यानं काय कान लावलाय पाहा, असं म्हणत लाल रेघ मारली आणि 'बहरु' करून टाकलं. संपादक वयानं मोठे होते, फार बोलत नसत. मुद्रितं परत आली ती त्या रेघेवर गोल करून, आणि बाजूला बारीक अक्षरात दोनच शब्द: 'गाथा पाहा.'

पाहिली. छापील गाथेत 'अतिभारु'च होतं.

त्या दिवशी वाटली ती शरम. नंतर कुतूहल वाढत गेलं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची आणि अल्लाउद्दीनची देवगिरीवरची स्वारीही साधारण त्याच काळातली. महाराष्ट्रात फारसी दरबाराची भाषा झाली ती त्यानंतर. फारसी शब्द त्याआधीही व्यापाऱ्यांबरोबर आलेले असू शकतात, तरी माझा कौल 'अतिभारु'ला. पुढे कधीतरी गाणाऱ्या गळ्यांनी त्या जागी बहर आणून बसवला असणार. आणि का बसवला हेही कळतं. 'भारु' आणि 'बहरु' म्हणून पाहा, जिभेला फारसा फेर घ्यावा लागत नाही. शिवाय अर्थ गोड होतो. अतिभार म्हटलं की ओझं आलं, वाकणं आलं. मोगऱ्याला कुणी ओझं म्हणतं का?

पण म्हणायला हवं, असं मला आता वाटतं. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. फुलं काढत राहिलं, शेंडे छाटत राहिलं की नवी फूट येते आणि तिच्यावर पुन्हा कळ्या लागतात. वेचून कमी व्हायच्या त्याच वाढत जातात आणि रोपाला त्यांचा भार होतो. 'बहरु' म्हटलं की मी वेचणाऱ्याच्या जागी उभी असते, ओच्यात फुलं घेऊन. 'अतिभारु' म्हटलं की वेलीच्या जागी. गुणगुणताना अजूनही माझ्या तोंडी बहरुच येतं, सवय कुठे जाते. छापताना मात्र हात आखडतो.

त्या डिसेंबरनंतर काही आठवड्यांनीच एक हस्तलिखित आलं. आयुष्य कसं जगावं हे सांगणारं, अशी बरीच येतात. त्यात एक प्रकरण होतं, आणि त्यात नेमकं हेच की झाडाला ताण दिल्याशिवाय बहर येत नाही, म्हणून तुमच्या वाट्याला आलेल्या ताणाचं स्वागत करा. ऱ्हस्व-दीर्घ नीट होतं, विरामचिन्हं जागच्या जागी. मला दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतं. तरी ते पान माझ्याकडे दोन दिवस पडून राहिलं.

मामांना मी त्या मुक्कामात बरंच छळलं होतं, त्यामुळे मला माहीत होतं की ताण कुणालाही देत नाहीत. संत्र्याचं झाड पाच-सहा वर्षांचं झाल्याशिवाय त्याच्याकडून बहार घेत नाहीत. त्याआधी आलीच फुलं तर काढून टाकतात, पोराच्या खांद्यावर पोतं देऊ नये तशी. रोगट झाडाला ताण नाही. मागचा माल अंगावर आहे त्याला ताण नाही. सल जास्त झालेल्या झाडाला नाही. सल म्हणजे झाडातल्या वाळलेल्या काड्या. त्या आधी काढायच्या, झाड सावरू द्यायचं. गेल्या वर्षी फार फळ दिलेल्या बागेला एखादा हंगाम मोकळंही सोडतात. आणि ताण चालू असताना माणूस रोज बागेत फिरतो, पान हातात घेऊन चुरगाळून बघतो, दिवस मोजतो. एक आठवडा जास्त झाला तर बहर राहतो बाजूला, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती भरलेली विहीर. पाणी आहे आणि ते कधी सुरू करायचं हे ठरलेलं आहे, तेव्हाच त्याला ताण म्हणतात. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात, जालन्याच्या बाजूला, मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी पोटच्या पोरांसारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडली. तिथेही पाणी तुटलेलंच होतं. पण कुणी असं म्हणालं नाही की झाडं ताणावर आहेत. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी दुष्काळ वेगळा आणि ताण वेगळा, त्यांची गल्लत तो करत नाही. आपण शहरात बसून ताण हा शब्द कचेरीतल्या जाचालाही वापरतो, घरातल्या कटकटीलाही आणि झोप उडवणाऱ्या कर्जालाही. विहीर कुणाची, तिच्यात पाणी आहे का, आणि ते सोडणारा दिवस मोजतोय का, हे विचारतच नाही.

समासात मी यातलं काही लिहिलं नाही. मुद्रितशोधकानं अर्थात नाक खुपसू नये. 'बहर' मात्र एके ठिकाणी 'बाहर' छापला गेला होता, तो दुरुस्त केला.

फेब्रुवारीच्या मध्यावर मामांचा फोन आला. "फुटला," म्हणाले. मामेभावानं फोटो पाठवले. त्याच वळलेल्या पानांच्या फांद्यांवर पांढरे ठिपके, जवळून घेतलेल्या फोटोत पाच पाकळ्यांची जाड, मेणचट फुलं, आणि एका फोटोत धूसर काहीतरी, ते मधमाश्या असाव्यात. संत्र्याच्या फुलांचा वास शिवारभर पसरतो, रस्त्यानं जाताना गाडीच्या काचेतून आत येतो, हे सगळं मला लहानपणापासून माहीत. ह्यावेळी जायचं ठरवलंही होतं. मार्चअखेरची पुस्तकं डोक्यावर होती, जमलं नाही. "मग किती लागतील संत्री?" असं मी फोनवर विचारलं, शहरी प्रश्न. मामा म्हणाले, "आताच कायचं सांगतं? गळ होऊन जाऊ दे आधी."

गळ हा बहराचा दुसरा अर्धा भाग, ज्याच्यावर कविता होत नाहीत. संत्र्याच्या एका झाडावर हजारो फुलं येतात आणि त्यातली शंभरातली एखाद-दुसरीच काढणीपर्यंत फळ म्हणून टिकतात. आधी फुलगळ, मग हरभऱ्याएवढी बारीक फळं गळतात, मग उन्हाळ्याच्या झळांनी काही जातात, पावसाळ्यात आणखी. आंब्याचंही तेच. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात, त्यातली बरीचशी नुसती नरफुलं, आणि शेवटी देठाला एखादाच आंबा लोंबतो, तोही प्रत्येक तुऱ्याला नाही. सगळी गळ वाईट नसते. काही तर झाडाचा आपला हिशेब असतो. जेवढं पोसवेल तेवढं ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं. बागवाल्याला रोगाची गळ आणि झाडानं स्वतःहून केलेली गळ लगेच वेगळी ओळखू येते. देठ बघून, खाली पडलेलं फळ फोडून बघून.

ह्या सगळ्यात एका झाडाशी माझं जमेना. कळक, म्हणजे बांबू. बांबूच्या काही जाती आयुष्यात एकदाच फुलतात, कित्येक दशकं थांबून, आणि एका भागातली बेटंच्या बेटं एकदम. मिझोराममध्ये असा एक बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. १९५९ च्या आणि २००७ च्या सुमाराचे फुलोरे नोंदलेले आहेत. त्यांच्या बियांवर उंदरांची पैदास वाढते, मग ते शेतांत शिरतात आणि दुष्काळ पडतो, त्याला तिथे मौताम म्हणतात. फुलून झालं की बांबू वाळतो, पुन्हा उभा राहत नाही. आपल्याकडेही कळकाला फुलोरा आला की जुनी माणसं चरकतात. आणि शब्द पाहा, फुलोरा. 'कळकाला बहर आला' असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, खरं तर त्याच्याइतकं भरभरून कुणी फुलत नसेल. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा डोंगर जांभळे करते आणि मरते. वर्तमानपत्रं 'कारवीचा बहर' असा मथळा देतात. माझ्या हातात असता तर मी 'कारवी फुलली' एवढंच ठेवलं असतं. बहर म्हटलं की पुढच्या खेपेची सोय त्यात धरलेली असते. कारवीच्या डोंगरावर पुढच्या खेपेला फुलणारी झाडं दुसरीच असतात.

ऑक्टोबर संपताना एकदाची गेले. आंबियाची फळं रंगावर यायला लागली होती. गेल्या डिसेंबरातली ती मरगळलेली झाडं ओळखू येत नव्हती, आणि तरी बहरलेली म्हणावीत अशीही दिसत नव्हती. फूल एकही नाही. मला ह्या सगळ्या खटाटोपात बहर दिसलाच नाही. आधी गेले तेव्हा तो यायचा होता, आता गेले तर तो फळांत उतरून गेला होता. झाडं खाली आली होती. फांद्या जमिनीकडे इतक्या झुकल्या होत्या की आत जायला वाकावं लागत होतं, आणि एका फांदीचा जोड चिरून पांढरा गर दिसत होता.

"हे बघ, हे मोडलं काल," मामा म्हणाले. "झेपलं नाही."

मग ते आणि मामेभाऊ बांधावरून टेकू आणायला लागले. मीही दोन उचलले. लांब, पिवळट, गाठीगाठींचे. टोकाला खाच केलेली, तिच्यात फांदी अलगद बसवायची आणि बुडखा मातीत रुतवायचा. एका झाडाला चार, कुठे पाच. तासाभरानं मागे वळून पाहिलं तर संत्र्याच्या प्रत्येक झाडाखाली कळक उभा होता.